रियासतकार सरदेसाई आणि घराण्यांच्या वंशावळी

आपल्या मंडळाची स्मरणिका हाती पडली की बहुतेक मंडळी अध्यक्षांचे निवेदन व जमाखर्चाचा ताळेबंद ओलांडून थेट अखेरच्या पानांकडे वळतात. त्या पानांत कुटुंबांच्या वंशावळी असतात. आपल्या आजोबा-पणजोबांचे नाव बरोबर छापले आहे की नाही, धाकट्या पातीचा उल्लेख आला आहे की गाळला गेला, हे आधी पाहिले जाते, आणि मग वर्षभर त्यावर चर्चा चालते. हे स्वाभाविक आहे व त्यात गैरही काही नाही. परंतु वंशावळ तयार करणे हे एक कष्टाचे शास्त्र आहे, आणि त्या शास्त्रात ज्यांनी जन्म घालविला अशा एका थोर पुरुषाचे चरित्र याच स्मरणिकेत यावे, असे पुष्कळ दिवस मनात होते. ते पुरुष म्हणजे रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते, की वऱ्हाडचेही नव्हते. तथापि त्यांच्या कामाचा उपयोग महाराष्ट्रातील सर्वच ज्ञातींना व सर्वच घराण्यांना झालेला आहे, आणि आपल्या बुलढाणे जिल्ह्याशी त्यांच्या कार्याचा एक धागा जुळलेला आहे. तो पुढे येईलच.

सरदेसाईंचा जन्म १७ मे १८६५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल या लहानशा खेड्यात झाला. घर शेतीवर चालणारे, परिस्थिती बेताची. कोकणातील अशा घरांतून त्या काळी मुलगा शिकावयाचा म्हणजे गाव सोडून दुसऱ्याच्या आश्रयाने राहावयाचे, हे ठरलेलेच असे. सरदेसाई आधी शिपोशीस, मग रत्नागिरीस, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन व मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकले आणि १८८८ मध्ये बी. ए. झाले. पुढील वर्षी, १८८९ मध्ये, त्यांना बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे नोकरी मिळाली. हुद्दा होता वाचकाचा.

हा हुद्दा आज कोणास नीट समजावयाचा नाही, म्हणून थोडे सांगतो. महाराजांना वाचनाची अतोनात आवड होती, परंतु राज्यकारभारामुळे प्रत्येक ग्रंथ स्वतः उघडून बसण्यास सवड नसे. वाचकाने ग्रंथ निवडावा, आधी स्वतः वाचावा, त्यातील सार काढावे, टिपणे करावी, आणि महाराज म्हणतील त्या वेळी वाचून दाखवावे. म्हणजे राजवाड्यातील ग्रंथांशी ज्याचा रात्रंदिवस संबंध असा हा मनुष्य. नावाने नसला तरी कामाने तो एक प्रकारचा ग्रंथपालच होता. याच महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणविले, आपल्या खाजगी संग्रहातील ग्रंथ मध्यवर्ती ग्रंथालयास दिले आणि खेडोपाडी फुकट वाचनालये उघडली. अशा धन्याच्या पदरी सरदेसाई छत्तीस-सदतीस वर्षे राहिले. महाराजांच्या आज्ञेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीचा ग्रंथ ‘राजधर्म’ या नावाने आणि सीली या इंग्रज इतिहासकाराचा ग्रंथ ‘इंग्लंड देशाचा विस्तार’ या नावाने मराठीत आणला. पुढे राजपुत्रांच्या शिक्षणाचे कामही त्यांच्याकडे आले, आणि महाराजांबरोबर युरोपचे प्रवासही घडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ज्या महाराजांच्या सेवेत सरदेसाईंनी उमेदीची वर्षे घालविली, ते महाराज गादीवर आले तेच मुळी एका वंशावळीच्या आधारे. १८७५ मध्ये इंग्रज सरकारने मल्हारराव गायकवाडांस पदच्युत केले. तेव्हा मागील महाराज खंडेराव यांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. दत्तक गायकवाडांच्या मूळ रक्तातलाच हवा होता. शोध करता करता नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ कवळाणे या गावी शेती करून राहिलेली गायकवाडांची एक शाखा निघाली. पिलाजी गायकवाडांचे पुत्र प्रतापराव यांच्यापासून हे घराणे चालत आले होते. पिढ्या मोजल्या गेल्या, नाते तपासले गेले, आणि काशीराव गायकवाडांचा गोपाळराव हा बारा वर्षांचा मुलगा २७ मे १८७५ रोजी दत्तक होऊन सयाजीराव झाला. त्यास तोवर अक्षरओळखही नव्हती. कवळाण्याच्या त्या शाखेचे नाव कोणास सांगता आले नसते, तर एक मोठा राजा महाराष्ट्रातील एका खेड्यात औत हाकीत राहिला असता. वंशावळीचे मोल याहून स्पष्ट कोणते सांगावे?

आणि जेथे वंशावळीत पोटचा पुत्र नव्हता, तेथे राज्ये बुडालेलीही आपण पाहिली आहेत. साताऱ्याचे राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केले. नागपूरकर तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये वारले व त्यांचे राज्य १८५४ मध्ये गेले. झाशीही त्याच वर्षी गेली. दत्तक मान्य नाही, या एका सबबीखाली हे घडले. नागपूरकर भोसल्यांचा अंमल आपल्या वऱ्हाडावर निजामाच्या जोडीने दीर्घकाळ होता, म्हणून हे प्रकरण आपणास परके नाही.

आता सरदेसाई इतिहासाकडे कसे वळले ते सांगतो. राजपुत्रांना मराठ्यांचा इतिहास शिकवावयाचा तर पुस्तक कोणते घ्यावे, ही अडचण त्यांना आली. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याचा जुना ग्रंथ होता, पण तो परक्या दृष्टीने लिहिलेला. म्हणून सरदेसाईंनी शिकविण्यासाठी स्वतःच टिपणे काढण्यास आरंभ केला, आणि त्या टिपणांचे ग्रंथ झाले. मी स्वतः जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले. शिक्षकाच्या टिपणवहीतून एवढे मोठे काम उभे राहिले, याचे मला विशेष कौतुक वाटते. १८९८ मध्ये त्यांची ‘मुसलमानी रियासत’ निघाली, १९०२ पासून ‘मराठी रियासत’ निघू लागली, आणि पुढे ‘ब्रिटिश रियासत’ही आली. मराठी रियासतीचे काम तीस वर्षे चालले. लोकांनी मग त्यांचे आडनाव मागे टाकून त्यांना रियासतकार असेच म्हणावयास सुरुवात केली.

योगायोग असा की, ज्या १८९८ साली त्यांची पहिली रियासत निघाली, त्याच साली इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. राजवाडे गावोगाव हिंडून माळ्यावरची, उंदरांनी कुरतडलेली दप्तरे जमा करीत. सरदेसाई अशा छापलेल्या साधनांची एकत्र जुळणी करून वाचकापुढे सलग कथा ठेवीत. दोघांचे स्वभाव निराळे, पद्धती निराळ्या. परंतु नवीन कागद निघाला की सरदेसाई आपले जुने लिखाण पुन्हा उघडीत, नवा पुरावा जुन्याशी ताडून पाहत आणि ग्रंथ नव्याने लिहीत. ‘शककर्ता शिवाजी’, ‘उग्रप्रकृति संभाजी’, ‘स्थिरबुद्धि राजाराम’, ‘पुण्यश्लोक शाहू’ ही रियासतीतील नावे अनेक वाचकांस परिचित असतील. त्यांतील पुष्कळसे लेखन असे दुसऱ्यांदा केलेले आहे.

वंशावळींची आवश्यकता त्यांना याच कामात भासली. मराठ्यांचा इतिहास घराण्यांचा इतिहास आहे. भोसले, जाधव, निंबाळकर, शिर्के, घोरपडे, दाभाडे, गायकवाड, शिंदे, होळकर, पवार, आंग्रे, पटवर्धन, प्रतिनिधी ही घराणी एकमेकांत सोयरिकीने गुंतलेली आहेत, आणि कोण कोणाचा चुलता, कोण कोणाचा भाचा हे कळल्याखेरीज एकही कारस्थान उलगडत नाही. त्यात आपली नावे ठेवण्याची रीत! आजोबाचे नाव नातवास द्यावयाचे, म्हणजे एक पिढी आड तेच नाव. शिवाजी महाराजांचे वडील बंधू संभाजी, त्यांचे पुत्र संभाजी, आणि कोल्हापूरच्या गादीवरील नातूही संभाजीच. शाहू महाराजांचे मूळ नाव शिवाजी, आणि ताराबाईंच्या पुत्राचे नावही शिवाजी. चौथीच्या वर्गात इतिहास शिकविताना एखादा चौकस मुलगा उभा राहून, गुरुजी, हा कोणता संभाजी, असे हटकून विचारीत असे, आणि फळ्यावर वंशवृक्ष काढल्यावाचून त्याचे समाधान करता येत नसे. सरदेसाईंनी सबंध महाराष्ट्रासाठी तोच फळा भरला. रियासतीच्या खंडांत घराण्याची हकीकत आली की तेथे वंशावळ द्यावयाची, नावापाशी वर्ष मिळाले तर ते नोंदवावयाचे, नाही मिळाले तर नुसते नाव ठेवावयाचे, असा त्यांचा परिपाठ होता. पुढे या सर्व वंशावळी एकत्र करून ‘ऐतिहासिक घराण्यांच्या वंशावळी’ हा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी सिद्ध केला व तो १९५७ मध्ये मुंबई सरकारने प्रसिद्ध केला. त्या वेळी त्यांचे वय ९२ होते.

सेवानिवृत्तीनंतर ते पुणे-मुंबई लोहमार्गावरील कामशेत या मावळातील गावी राहावयास गेले. बहुतेकांचे आयुष्य अशा ठिकाणी देवपूजा, बाग आणि वर्तमानपत्र यांत सरते. सरदेसाईंचे सर्वांत अवघड काम मात्र येथूनच सुरू झाले. ते काम म्हणजे पेशवे दप्तर.

पेशवे दप्तर ही काय वस्तू आहे, हे आपल्या तरुण मंडळींना ठाऊक असावे म्हणून जरा विस्ताराने लिहितो. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली तेव्हा पेशव्यांच्या कचेरीतील जमाखर्च, रोजकीर्दी, सनदा, पत्रे हे सारे इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनामांची चौकशी करण्यासाठी इनाम कमिशन नेमले गेले, त्यास १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळाले, आणि वतनदार-इनामदारांनी आपला हक्क शाबीत करण्यासाठी सादर केलेले कागदही या साठ्यास येऊन मिळाले. कापडाच्या रुमालांत बांधलेली हजारो बासने! १८९१ मध्ये पुण्यास त्यांच्यासाठी स्वतंत्र दगडी इमारत झाली. परंतु हे भांडार अभ्यासकांस खुले नव्हते. जुने कागद बाहेर पडले तर लोक सरकारवर नवे दावे लावतील, अशी इंग्रज अधिकाऱ्यांस धास्ती होती. एखाद्या मान्यवरास मर्यादित परवानगी मिळे, बाकीच्यांनी बाहेरूनच इमारत पाहावी.

अखेर बंगालचे थोर इतिहासकार सर यदुनाथ सरकार यांनी सरदेसाईंचे नाव पुढे केले, आणि मुंबई सरकारने दप्तरातील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचे काम त्यांच्यावर सोपविले. मोडी वाचणारे साहाय्यक हाताशी घेऊन त्यांनी रुमालामागून रुमाल सोडविला. १९३० ते १९३४ या अवधीत या निवडक कागदांचे ४५ खंड छापून बाहेर पडले. आरंभी त्यांचे वय पासष्टीच्या घरात होते. मोडी अक्षर बोरूने घाईघाईत लिहिलेले, शब्द तोडलेले नसत, काना-वेलांटीचा पत्ता नसे. कित्येक पत्रांवर साल नाही, केवळ मुसलमानी महिना व चंद्राची तारीख. तेव्हा मजकुरातील माणसे, मोहिमेचा मुक्काम, कोणाच्या मृत्यूचा वा लग्नाचा ओझरता उल्लेख यांवरून साल ठरवावयाचे. अशा वेळी वंशावळच कामी येते. अमुक मनुष्य अमुक वर्षी वारला हे पक्के असले, म्हणजे त्याच्या नावाचे पत्र त्या वर्षाच्या अलीकडचे, एवढे तरी निश्चित होते.

आणि याच्या उलटही खरे आहे. वंशावळी निघतात त्या अशाच कागदांतून. वतनाचा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापला करीना लिहून देत. मूळ पुरुष कोण, त्यास पुत्र किती, वडील पाती कोणती, कोण निपुत्रिक वारला, कोणी गाव सोडला, हे सारे त्यात येई. मग गोतसभा बसून महजर होई, निवाडपत्र होई. भाऊ वेगळे झाले तर वाटणीपत्र, पोटी संतान नसले तर दत्तकपत्र. हे कागद कोणी इतिहासासाठी लिहिले नव्हते. ते भांडणासाठी लिहिले गेले. म्हणूनच त्यांत अडचणीची नावेही आली. तंट्यातील करीना जपूनच वाचावा लागतो, कारण लिहिणारा आपल्या सोयीने एखादी पाती गाळतो. दोन्ही पक्षांचे करीने शेजारी ठेवून वाचले म्हणजे बहुधा खरे काय ते कळते.

सरदेसाईंच्या या कामावर टीका झाली नाही असे नव्हे. पुण्यातील कित्येक संशोधकांस त्यांची निवड पसंत नव्हती. काम वेगाने उरकले, काही पत्रांच्या तारखा चुकल्या, असे आक्षेप आले. त्यांतील काही आक्षेप साधार होते, आणि पुढील अभ्यासकांनी अनेक तारखा दुरुस्तही केल्या. परंतु माझ्या अल्प मतीप्रमाणे, शंभर वर्षे बंद असलेले दार ज्याने उघडले त्याच्या पावलांच्या धुळीचा हिशेब करण्यात फारसे हशील नाही. ते ४५ खंड निघाले नसते तर दुरुस्त्या तरी कशात करावयाच्या होत्या?

यदुनाथ सरकार व सरदेसाई यांचा स्नेह हा तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १९०४ च्या सुमारास पत्रव्यवहाराने तो जुळला व यदुनाथ १९५८ मध्ये निवर्तले तोवर, अर्धशतकाहून अधिक काळ, टिकला. एक बंगाली, एक मराठी. एकाचा भर फारसी साधनांवर, दुसऱ्याचा मोडीवर. शिवाजी महाराजांविषयी यदुनाथांची मते महाराष्ट्रात अनेकांस रुचत नसत व त्याचा ठपका सरदेसाईंवरही येई. तरी दोघांनी पुण्याच्या इंग्रज रेसिडेंटांच्या पत्रव्यवहाराचे खंड संपादिले आणि जुन्या रणभूमीही जोडीने पायाखाली घातल्या.

आता आपल्या जिल्ह्याचा धागा. ‘काव्येतिहास-संग्रह’ या जुन्या मासिकात छापलेली ऐतिहासिक पत्रे व याद्या १९३० मध्ये पुन्हा संपादून काढण्यात आल्या. त्याचे संपादक तिघे होते: सरदेसाई, कृ. पां. कुलकर्णी आणि यादव माधव काळे. हे काळे म्हणजे आपल्या बुलढाण्याचे वकील, ज्यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. वकिलीचा व्याप सांभाळून त्यांनी वऱ्हाडचा व पुढे नागपूर प्रांताचाही इतिहास लिहिला. त्यांचे पुस्तक उघडणारा आज आपल्या तालुक्यात विरळा, हे खेदाने नमूद करावेसे वाटते.

वऱ्हाडच्या घराण्यांची एक विशेष अडचण आहे, ती येथेच सांगतो. पेशवे दप्तरात आपले कागद थोडे. वऱ्हाड निजामाच्या मुलखात मोडे व भोसले त्यातील हिस्सा घेत. म्हणून आपल्या वतनांचे कागद काही हैदराबादेस, काही नागपुरास, आणि उरलेले वाड्यांच्या माळ्यांवर. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे आले, १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडले गेले, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आले व १९६० पासून महाराष्ट्रात आहे. दर वेळी कचेऱ्या बदलल्या व दप्तरे हलली. सिंदखेडच्या जाधवांचेच उदाहरण घ्या. लखुजी जाधव, त्यांचे दोन पुत्र व एक नातू १६२९ मध्ये दौलताबादेस एकाच दिवशी मारले गेले, येथपासून पुढची हकीकत बऱ्यापैकी लागते. त्यांच्या मागे देवगिरीच्या यादवांपर्यंत पिढ्या सांगितल्या जातात. परंतु यादवांचे राज्य बुडाल्यापासून लखुजीपर्यंत सुमारे तीनशे वर्षांचे अंतर आहे, आणि परंपरा निराळी व कागद निराळा. आपल्या जिल्ह्याचा अभिमान म्हणून ती परंपरा अवश्य सांगावी, पण ती परंपरा म्हणून सांगावी. आणि त्याच घराण्यात जन्मलेल्या जिजाऊंचे नाव, केवळ पुरुषांची नावे लिहिण्याच्या आपल्या रीतीने, माहेरच्या वंशवृक्षात येणारच नाही! आपल्या स्मरणिकेतील वंशावळींतही लेकी-सुनांची नावे क्वचितच दिसतात. यंदा ज्या कुटुंबांनी ती दिली आहेत, त्यांचे अभिनंदन केले पाहिजे.

हा विषय आज केवळ हौसेचा राहिलेला नाही, हे सर्व कुटुंबे जाणतात. मुलामुलींच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची पडताळणी करावयाची तर शपथपत्रावर वंशावळ द्यावी लागते, आणि तिच्या पुष्ट्यर्थ पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, जुना फेरफार असे कागद जोडावे लागतात. २०२३ पासून जुन्या मोडी नोंदींचा शोध राज्यभर चालला, तेव्हा मोडी वाचणारा मनुष्य कोठे मिळेल म्हणून लोक वणवण फिरले. अशा वेळी दोन नावे ओढूनताणून जोडण्याचा मोह होतो. नावे जुळतात, गाव जुळते, मग मधली पिढी आपण घातली तर कोण पाहतो, असे वाटते. उंद्रीस माझ्याकडे तपासण्यासाठी आलेल्या एका वंशावळीत मूळ पुरुष शिवकालात दाखविला होता आणि त्याच्यापासून आजच्या पिढीपर्यंत पायऱ्या अवघ्या पाच. साडेतीनशे वर्षांत पाच पिढ्या! प्रत्येक पुरुषास सत्तराव्या वर्षी पुत्र झाला असे मानावे लागले असते. एका पिढीस पंचवीस-तीस वर्षे धरून पाहावे. हा हिशेब चौथीतील मुलासही करता येतो. त्या गृहस्थांस मी एवढेच सुचविले की, वरची दोन नावे निराळी लिहा व मध्ये जागा मोकळी सोडा. त्यांस ते फारसे रुचले नाही. पुढे नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत त्यांच्या पणजोबांच्या हातची नोंद मिळाली, तीत आणखी दोन पिढ्यांची नावे निघाली, आणि ती त्या मोकळ्या जागेत बसली. तरीही वर बरीच जागा शिल्लक आहे, आणि ती शिल्लक असणेच योग्य आहे.

सरदेसाईंच्या संसाराविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे, कारण त्यावाचून हे चरित्र पुरे होत नाही. त्यांना दोन पुत्र झाले. श्यामकांत हा बुद्धिमान. रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनात शिकलेला, आणि पुढील अभ्यासासाठी जर्मनीस गेलेला. तेथेच तरुण वयात त्याचा अंत झाला. दुसरा पुत्रही वडिलांच्या हयातीतच गेला. महाराष्ट्रातील शेकडो घराण्यांच्या पिढ्या ज्याने लावून दिल्या, त्याच्या स्वतःच्या नावाखाली रेघ ओढावयास कोणी उरले नाही. श्यामकांताने घरी लिहिलेली पत्रे वडिलांनी जपून ठेवली होती. ती त्यांनी ‘श्यामकांतची पत्रे’ या नावाने छापून काढली. दुसऱ्यांची पत्रे संपादण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने पुत्राचीही पत्रेच पुढे ठेवली. पत्नी लक्ष्मीबाई यांनी हे सारे दुःख त्यांच्यासोबत सोसले.

यानंतरची त्यांची वर्षे पाहिली म्हणजे मन थक्क होते. पेशवे दप्तराचे ४५ खंड झाले, रियासतीची नवी आवृत्ती झाली, आणि एवढे झाल्यावर मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत पुन्हा लिहावयास घेतला. ते खंड १९४६ ते १९४८ या काळात प्रसिद्ध झाले, म्हणजे लेखकाच्या वयाची ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर. १९५६ मध्ये ‘माझी संसारयात्रा’ हे आत्मवृत्त आले. पुणे विद्यापीठाने त्यांस डी. लिट्. ही पदवी दिली, व १९५७ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी वंशावळींचा तो ग्रंथ निघाला, हे वर आलेच आहे.

२९ नोव्हेंबर १९५९ रोजी कामशेत येथे वयाच्या ९५ व्या वर्षी ते निधन पावले. मराठी रियासतीचे खंड पुढे मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने पुन्हा छापले असून ते मोठ्या वाचनालयांतून पाहावयास मिळतात. पेशवे दप्तर पुण्यास त्याच जुन्या इमारतीत, राज्य शासनाच्या पुराभिलेखागाराच्या ताब्यात आहे, आणि आता अर्ज करून कोणाही अभ्यासकास तेथे बसून रुमाल पाहता येतो. आपल्या कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी मोडी कागद आहेत त्यांनी ते ओल व वाळवी यांपासून जपावेत, त्यांस चिकटपट्टी लावू नये, घड्यांवर ते फाटतात म्हणून सपाट ठेवावेत, आणि कागद कोणाच्या नावचा आहे हे समजले नाही तरी टाकून देऊ नयेत.